न खेळलेला हंगाम

खेळाच्या इतिहासात विजयाची नोंद असते, पराभवाचीही असते. पण जो खेळ झालाच नाही त्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. कॅनडा आणि अमेरिका या देशांत बर्फावरील हॉकीतील विजेत्या संघाला जो स्टॅन्ली चषक दिला जातो, त्याच्यावर मात्र अशी एक नोंद कोरलेली आहे. विजेत्या संघांच्या नावांच्या मालिकेत २००४-०५ या वर्षापुढे कोणत्याही संघाचे नाव नाही. 'हंगाम खेळला गेला नाही' एवढ्याच अर्थाचे शब्द आहेत. दोन महायुद्धे या चषकाला अडवू शकली नव्हती. १९१९ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अंतिम सामन्यांची मालिका अर्धवट सोडावी लागली, मॉन्ट्रियल संघाचा जो हॉल हा खेळाडू त्या आजारात दगावला, आणि 'मालिका पूर्ण झाली नाही' असे चषकावर कोरावे लागले. त्यानंतर ८६ वर्षांनी चषक पुन्हा विजेत्यावाचून राहिला. या वेळी साथ नव्हती, युद्ध नव्हते. मालक आणि खेळाडू यांच्यात वेतनाचा करार होऊ शकला नाही, एवढेच कारण होते. उत्तर अमेरिकेतील एखाद्या मोठ्या व्यावसायिक क्रीडासंघटनेचा संपूर्ण हंगाम औद्योगिक तंट्यात बुडण्याचा तो पहिलाच प्रसंग.

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आणि हिरवे मैदान डोळ्यांपुढे येते. बर्फावरची हॉकी लडाखच्या गोठलेल्या तलावांपलीकडे आपल्या फारशी परिचयाची नाही. शिवाय ज्या खेळाडूंचे सरासरी वार्षिक वेतन त्या वेळी अठरा लाख डॉलरच्या घरात होते, त्यांच्या वेतनवादाशी महागाई भत्त्याच्या हप्त्याची वाट पाहणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला काय कर्तव्य, असाही प्रश्न कोणी विचारील. लक्षाधीश नोकर आणि अब्जाधीश मालक यांचे हे भांडण, त्यात सामान्य माणसाने सहानुभूती द्यावी तरी कोणाला, असे खुद्द कॅनडातही तेव्हा म्हटले जात होते. परंतु आकडे बाजूला ठेवून पाहिले तर या तंट्यातील प्रश्न फार ओळखीचे वाटतील. धंद्याचे खरे उत्पन्न किती हे कोणी ठरवायचे? मालकाने दाखविलेल्या तोट्यावर नोकराने किती विश्वास ठेवायचा? स्वतःच वाढवून ठेवलेल्या खर्चाला आळा घालण्यासाठी मालकाने नोकराच्या पगारावर मर्यादा घालणे न्याय्य आहे काय? आणि वाटाघाटीच्या मेजावर ज्यांना खुर्चीच नाही, त्यांच्या नुकसानीचा जाब कोणी द्यायचा? हे प्रश्न बर्फावरचे असले तरी परके नाहीत.

नॅशनल हॉकी लीगची स्थापना २६ नोव्हेंबर १९१७ रोजी मॉन्ट्रियल येथे झाली. ही लीग आणि तिचे खेळाडू यांच्यातील अविश्वास जवळजवळ तितकाच जुना आहे. १९२४-२५ च्या हंगामात सामन्यांची संख्या २४ वरून ३० वर नेण्यात आली, पण वाढलेल्या कामाचा मोबदला काही वाढला नाही. गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या हॅमिल्टन संघातील खेळाडूंनी माणशी दोनशे डॉलर अधिक मागितले आणि ते मिळेपर्यंत पुढचे सामने खेळण्यास नकार दिला. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॉल्डर यांनी त्यांना निलंबित केले. पुढे ते खेळाडू ७५ हजार डॉलरला न्यूयॉर्कच्या नव्या संघाला विकले गेले आणि हॅमिल्टन शहर या लीगला कायमचे मुकले. १९५७ साली डेट्रॉइटचा नामवंत खेळाडू टेड लिंडसे याने संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याची रवानगी शिकागोला झाली आणि ती संघटना अल्पावधीतच मोडली. १९६७ मध्ये अखेर संघटना उभी राहिली. परंतु तिचे प्रमुख ॲलन ईगलसन हेच पुढे १९९८ साली फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. निवृत्तिवेतन निधीतील शिलकीवर आपला हक्क सांगण्यासाठी गॉर्डी हाऊ यांच्यासारख्या थोर खेळाडूला उतारवयात न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि न्यायालयाने निकाल दिला तो निवृत्त खेळाडूंच्या बाजूने. हा पूर्वेतिहास ज्यांच्या मनात ताजा होता, ते मालकांनी पुढे केलेली हिशेबाची वही डोळे मिटून मान्य करतील, ही अपेक्षाच मुळी व्यर्थ होती.

१९९२ साली बॉब गुडनाउ यांच्याकडे संघटनेची सूत्रे आली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये खेळाडूंनी दहा दिवसांचा संप करून आपले बळ दाखविले. पुढच्याच वर्षी गॅरी बेटमन लीगचे आयुक्त झाले. १९९४ साली मालकांनी पहिली मोठी टाळेबंदी केली. ती १०३ दिवस चालली आणि हंगाम ४८ सामन्यांवर आला. पण मालकांना हवी असलेली वेतनमर्यादा काही मिळाली नाही. नंतरच्या दहा वर्षांत वेतने भराभर वाढली. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही वाढ खेळाडूंनी मालकांच्या खिशातून हिसकावून घेतलेली नव्हती. प्रत्येक करारावर मालकाची किंवा त्याच्या प्रतिनिधीची स्वखुशीची सही होती. एका शहराच्या मालकाने बोली वाढविली की दुसऱ्याने त्याच्यावर ताण करायची आणि वर्षअखेर सर्वांनी मिळून खर्च परवडत नाही म्हणून गळा काढायचा, असा तो प्रकार होता. न्यूयॉर्क रेंजर्स या संघाने पैसा पाण्यासारखा ओतला, आणि तरीही १९९८ ते २००४ या सात वर्षांत त्याला एकदाही बाद फेरी गाठता आली नाही. उलट २००४ चा चषक जिंकणारा टँपा बेचा संघ खर्चाच्या यादीत बराच खाली होता.

असे असले तरी मालकांची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. कॅनडातील लहान शहरांची अवस्था खरोखरच बिकट होती. तेथील संघांचे उत्पन्न कॅनडाच्या डॉलरमध्ये आणि खेळाडूंची वेतने अमेरिकी डॉलरमध्ये. कॅनडाचा डॉलर घसरत चालला तसतसा हा व्यवहार त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. क्वेबेकचा संघ १९९५ साली डेन्व्हरला गेला, विनिपेगचा १९९६ साली फीनिक्सला गेला. ज्या देशात हा खेळ वाढला, त्याच देशातील शहरे आपले संघ गमावू लागली. २००३ च्या जानेवारीत ओटावा आणि बफेलो या दोन्ही संघांनी दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. बड्या शहराच्या पैशापुढे लहान शहराचा टिकाव लागावा यासाठी काही बंधन हवे, हे म्हणणे तत्त्वतः चुकीचे नव्हते. स्पर्धेचा निकाल आधीच तिजोरीत ठरणार असेल तर ती स्पर्धा उरत नाही.

परंतु तत्त्व योग्य असले म्हणजे ते मांडण्याची रीतही योग्य असते असे नाही. मालकांनी अमेरिकेच्या रोखेबाजार नियंत्रण आयोगाचे माजी अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांच्याकडून हिशेबांचा एक अहवाल तयार करवून घेतला. २००४ च्या फेब्रुवारीत तो प्रसिद्ध झाला. २००२-०३ च्या हंगामात लीगचे एकूण उत्पन्न सुमारे २०० कोटी डॉलर होते, त्यातील ७५ टक्के खेळाडूंवर खर्च झाले आणि सर्व संघांना मिळून २७ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा आला, असा त्याचा निष्कर्ष. लेव्हिट यांच्या लौकिकाविषयी शंका नव्हती. पण त्यांना नेमले होते आणि मानधन दिले होते ते एकाच पक्षाने. 'फोर्ब्स' नियतकालिकाने त्याच हंगामाचा तोटा १२ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे निम्म्याहून कमी मानला. ही तफावत एवढी मोठी कशी, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. संघाचा मालक तोच, क्रीडागृहाचा मालकही तोच, आणि सामना दाखविणाऱ्या दूरचित्रवाहिनीतही त्याचाच वाटा, असे अनेक ठिकाणी होते. अशा वेळी उपाहारगृहाचे, वाहनतळाचे, जाहिरातीचे उत्पन्न कोणत्या खिशात पडले म्हणायचे? उत्पन्नाची व्याख्या ज्याच्या हाती, तोट्याचा आकडाही त्याच्याच हाती. खेळाडू भांडत होते ते मुख्यतः या व्याख्येवर विश्वास नसल्यामुळे.

१४ सप्टेंबर २००४ रोजी टोरांटोत कॅनडाने फिनलंडचा ३-२ असा पराभव करून हॉकीचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी जुना करार संपला आणि १६ सप्टेंबरपासून टाळेबंदी सुरू झाली. देश आनंदात असतानाच खेळाला कुलूप लागले. मालकांची मागणी एकच होती: वेतनाचा एकूण खर्च उत्पन्नाच्या ठराविक प्रमाणात बांधून टाकावा. संघटनेचे उत्तरही एकच होते: वेतनावर कमाल मर्यादा कदापि नको. ९ डिसेंबरला संघटनेने चालू करारांतील वेतने २४ टक्क्यांनी कमी करून घेण्याची तयारी दाखविली. एखाद्या कामगार संघटनेने आपण होऊन एवढी कपात देऊ करणे ही असामान्य गोष्ट होती. मालकांनी ती नाकारली. कारण त्यांना सवलत नको होती, पद्धतच बदलून हवी होती. फेब्रुवारी उजाडला तेव्हा दोन्ही बाजूंचा पीळ सुटू लागला. संघटनेने मर्यादेचे तत्त्व मान्य केले, मालकांनी उत्पन्नाशी सांगड घालण्याचा आग्रह सोडला. आता वाद उरला केवळ रकमेचा. मालक म्हणाले, प्रत्येक संघाला ४ कोटी २५ लाख. संघटना म्हणाली, ४ कोटी ९० लाख. अंतर पासष्ट लाखांचे. तीसही संघांनी मर्यादेपर्यंत खर्च केला असता तरी हा फरक १९ कोटी ५० लाखांच्या पुढे जात नव्हता, आणि पणाला लागले होते सुमारे दोनशे कोटींच्या उलाढालीचे एक वर्ष. १६ फेब्रुवारी २००५ रोजी बेटमन यांनी हंगाम रद्द झाल्याचे जाहीर केले. प्रत्येक संघाचे ८२ याप्रमाणे १२३० सामने आणि त्यांच्यापुढची बाद फेरी, सारेच बुडाले.

पुढे जे घडले ते दोन्ही पक्षांच्या हट्टाचे मूल्यमापन करण्यास पुरेसे आहे. जुलैमध्ये समेट झाला तेव्हा टाळेबंदीला ३१० दिवस झाले होते. नव्या करारात मर्यादा ठरली ३ कोटी ९० लाख, म्हणजे फेब्रुवारीत जी रक्कम खेळाडूंनी झिडकारली होती तिच्याहूनही कमी. २४ टक्के कपात झाली ती वेगळीच, आणि ज्या सांगडीला संघटनेचा प्राणपणाने विरोध होता तीही स्वीकारावी लागली. उत्पन्नातील ५४ टक्क्यांपासून सुरू होणारा वाटा खेळाडूंचा ठरला. करार मंजूर झाल्यावर आठवड्याभरातच गुडनाउ पायउतार झाले. मालकांचा संपूर्ण विजय झाला, असा निकाल सर्वांनी देऊन टाकला. पण दोन वर्षे जाऊ द्या. खेळ पुन्हा सुरू झाला, उत्पन्न वाढू लागले, आणि सांगडीच्या नियमानुसार मर्यादाही वाढत २००७-०८ च्या हंगामात ५ कोटी ३ लाखांवर पोहोचली. ज्या ४ कोटी ९० लाखांसाठी हंगाम बुडाला, तो आकडा करारानंतरच्या तिसऱ्याच हंगामात मागे पडला होता. खेळाडूंनी जी सांगड नको म्हणून वर्षभराचे वेतन गमावले तिनेच त्यांचे भले केले. आणि मालकांनी जी मर्यादा परवडत नाही म्हणून दारे बंद ठेवली तिच्याहून मोठी मर्यादा त्यांना सहज परवडली. दोन्ही बाजू लढल्या त्या आपले हित कशात आहे हे नीट न ओळखता.

याचा दोष कोणाकडे? आमच्या मते अधिक दोष मालकांकडे जातो. टाळेबंदी हे त्यांचे शस्त्र होते आणि ते त्यांनीच उपसले. आपल्याच स्पर्धेला आवर घालण्यास ते असमर्थ होते. तो आवर त्यांनी नोकरांच्या करवी घालून घेतला. परंतु संघटनेलाही निर्दोष ठरविता येणार नाही. मर्यादेचे तत्त्व फेब्रुवारीत सोडायचेच होते, तर ते डिसेंबरात सोडून त्या मोबदल्यात स्वतंत्र हिशेबतपासणी आणि उत्पन्नाची रुंद व्याख्या पदरात पाडून घेता आली असती. तत्त्वासाठी शेवटपर्यंत लढणे समजू शकते. किंमत वसूल होण्याची वेळ टळून गेल्यावर तत्त्व सोडणे हा मुत्सद्देगिरीचा अभाव होय. संघटनेच्या नेत्याला कोठे थांबायचे हे कळावे लागते, कारण चुकीचा भुर्दंड तो एकटा भरीत नाही.

आणि हा भुर्दंड भरणारे बरेचसे लोक त्या वाटाघाटीत कोठेच नव्हते. नामांकित खेळाडूंना युरोपची वाट मोकळी होती. त्या हंगामात ३८८ खेळाडू युरोपातील १९ लीगमध्ये कधी ना कधी खेळले. यारोमिर यागर रशियात ओम्स्कला गेला, आणखी कित्येक कझानला जाऊन राहिले. त्यांच्या येण्याने तेथल्या स्थानिक खेळाडूंच्या जागा गेल्या, ही त्या प्रवासाची दुसरी बाजू. पण क्रीडागृहाच्या दारावर तिकिटे तपासणारा, आत खाद्यपदार्थ विकणारा, सामन्यानंतर खुर्च्यांखालचा कचरा काढणारा माणूस कोठल्या देशात जाणार? त्याचे वेतन सामन्यागणिक. सामना नाही तर वेतन नाही. क्रीडागृहाभोवतालची खानावळ, बर्फ टिकवून धरणारा यंत्रचालक, लीगच्या कार्यालयातून कमी केलेला कारकून यांच्यासाठी कोणी पासष्ट लाखांचा हिशेब मांडला नाही. कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर शनिवारच्या रात्री हॉकी दाखविण्याची परंपरा अर्धशतकाहून जुनी. त्या हिवाळ्यात तेथे चित्रपट दाखविले गेले. ज्या घरांत आजोबा, बाप आणि नातू एकाच पडद्यापुढे बसत, तेथे त्या वर्षी काय हरवले याला कोणत्याही अहवालात रकाना नव्हता.

मात्र एका प्रश्नाने मूळ धरले, आणि तो विचारला सामान्य नागरिकांनी. स्टॅन्ली चषक मुळात आहे कोणाचा? कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी तो १८९२ साली दिला तो हौशी संघांसाठी. व्यावसायिक लीग तेव्हा जन्मालाही आली नव्हती. चषक आजही विश्वस्तांच्या नावे आहे. टोरांटोतील काही हौशी खेळाडूंनी हाच मुद्दा घेऊन न्यायालय गाठले. लीग खेळणार नसेल तर चषक दुसऱ्या कोणाला का देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. २००६ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली आणि ज्या वर्षी लीगचा हंगाम होणार नाही, त्या वर्षी विश्वस्तांना चषक अन्य संघाला देण्याची मुभा राहील हे लीगला मान्य करावे लागले. त्याच सुमारास तत्कालीन गव्हर्नर जनरल एड्रियन क्लार्कसन यांनी, रिकामा राहिलेला चषक महिलांच्या संघांना द्यावा असे सुचविले होते. तो दिला गेला नाही, पण त्या सूचनेतून महिलांसाठी क्लार्कसन चषक उभा राहिला. बुडालेल्या हंगामाच्या पोटी जन्मलेल्या या दोन गोष्टी लहान दिसल्या तरी त्यांचा अर्थ लहान नाही. संघ मालकांचा असेल, कसब खेळाडूचे असेल. परंतु खेळ हा समाजाचा ठेवा असतो आणि त्याला कुलूप लावण्याचा अधिकार अमर्याद नसतो, हे त्यांतून प्रस्थापित झाले.

लीगने लगेच धडा घेतला असे नाही. २०१२ साली पुन्हा टाळेबंदी झाली. या वेळी खेळाडूंचा ५७ टक्क्यांवर गेलेला वाटा निम्म्यावर आणण्यासाठी मालकांनी दारे लावली आणि हंगाम पुन्हा ४८ सामन्यांचा झाला. पण २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा चित्र वेगळे होते. सामने मार्चमध्ये थांबले. जुलैमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून खेळ परत सुरू करण्याची योजना आखली आणि त्याच बैठकीत करारही २०२६ पर्यंत वाढविला. प्रेक्षकांविना का होईना, सप्टेंबरात चषक विजेत्याच्या हाती पडला. पुढचा करार तर २०२५ च्या जुलैमध्येच, जुना संपण्यास वर्षाहून अधिक अवधी असताना मंजूर झाला. म्हणजे १९१९ च्या साथीने जे साधू दिले नव्हते ते २०२० च्या साथीत साधले. आणि जे सुदृढ काळात २००५ साली जमले नव्हते ते संकटकाळात जमले. फरक माणसांत पडला म्हणावे तर आयुक्त बेटमनच होते. फरक पडला तो हिशेबात. उत्पन्न किती हे ठरविण्याची रीत आता दोघांना मान्य होती, वही दोघांपुढे उघडी होती, आणि वाढ झाली तर ती वाटून मिळते याचा अनुभव दोघांच्या गाठीशी होता.

वेतनाचे तंटे कोठेही अटळ आहेत आणि ते असण्यात काही पापही नाही. परंतु ते सुटतात कशाने, याचे उत्तर या न खेळलेल्या हंगामाने दिले आहे. आधी हिशेब उघडे करावेत, त्यांची तपासणी उभयपक्षी मान्य अशा व्यक्तीकडून व्हावी, आणि मगच वाट्याची भाषा बोलावी. हा क्रम उलटा झाला की आकडे जवळ येऊनही माणसे दूर राहतात. पासष्ट लाखांचे अंतर दोनशे कोटींच्या व्यवहाराला कधीच अडवू शकले नसते. अडविले ते ऐंशी वर्षे साचत आलेल्या अविश्वासाने. चषकावरील ती ओळ पुसण्याचा विचार कोणी केला नाही हे योग्यच झाले. दर वर्षी नव्या विजेत्याचे नाव कोरताना ती कोणाच्या तरी नजरेस पडत राहील, आणि दारे बंद करण्यापूर्वी एकदा तरी हिशेबाची वही समोरच्यापुढे ठेवण्याची बुद्धी होईल.